झोक्याचे गाणे आणि ‘इस्लामे’चा धाक : जळगावातील एका पियानो-रचनेचा प्रकरण अभ्यास

जळगावात राहणाऱ्या आणि लहानपणापासून पियानो शिकलेल्या एका विद्यार्थिनीने आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, झोक्यावर म्हटल्या जाणाऱ्या अहिराणी गाण्यावरून एकट्या पियानोसाठी एक कसबी, म्हणजे वादकाचे कौशल्य पणाला लावणारी, रचना करायला घेतली, तेव्हा तिच्यासमोर नमुना म्हणून एकच रचना होती : रशियन संगीतकार मिली बालाकिरेव यांची ‘इस्लामे’. पहिला मसुदा वाजवायला अवघड आणि ऐकायला दिपवणारा झाला, मात्र त्यात गाणे उरले नाही. दुसरा मसुदा वाजवायला जवळजवळ तितकाच अवघड असूनही त्यात गाणे शाबूत आहे. या दोन मसुद्यांच्या दरम्यान काय बदलले आणि का बदलले, एवढाच या लेखाचा विषय आहे. मी या कामात सल्लागार म्हणून होतो. रचनेचे निर्णय विद्यार्थिनीचे आहेत. तिचे आणि तिच्या घरच्यांचे नाव त्यांच्या इच्छेनुसार येथे दिलेले नाही.

नमुन्याची रचना

बालाकिरेव 1862, 1863 आणि 1868 या वर्षी कॉकेशसच्या डोंगराळ मुलखात जाऊन आले होते. तेथील एक चेर्केस सरदार त्यांच्याकडे येई आणि व्हायोलिनसारख्या दिसणाऱ्या एका वाद्यावर लोकधुना वाजवून दाखवी, असे त्यांनी पुढे एका पत्रात लिहून ठेवले आहे. त्यांपैकी ‘इस्लामे’ या नावाची नृत्याची धून त्यांना विशेष आवडली. रचनेतली दुसरी, संथ धून त्यांना मॉस्कोत एका आर्मेनियन नटाने ऐकवली आणि ती क्रिमियातल्या तातारांमध्ये सर्वांच्या ओळखीची असल्याचे सांगितले. या दोन धुनांवरून 1869 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, साधारण महिनाभरात, ही रचना लिहून झाली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये निकोलाय रुबिनस्टाईन यांनी ती प्रथम जाहीरपणे वाजवली. 1902 मध्ये बालाकिरेव यांनी तिची सुधारित आवृत्ती काढली.

रचना आठ-नऊ मिनिटांचीच आहे, तरी पियानोवादकांमध्ये तिचा धाक मोठा आहे. स्वतः बालाकिरेव उत्तम वादक होते, पण यातल्या काही जागा आपल्याला पेलत नाहीत, हे त्यांनी मान्य केले होते. रशियन संगीतकार स्क्रियाबिन यांनी विद्यार्थिदशेत ही रचना आणि लिस्ट यांची ‘डॉन जुआन’वरील रचना यांचा अतिरेकी सराव करून उजवा हात दुखावून घेतला. फ्रेंच संगीतकार मोरिस रॅव्हेल यांनी 1908 मध्ये ‘गास्पार द ला न्युई’ लिहिताना तिच्यातला शेवटचा भाग ‘इस्लामे’पेक्षाही अवघड करण्याचा मनसुबा बोलून दाखवला होता. अवघडपणाचे माप म्हणून एखाद्या रचनेचे नाव घेतले जाऊ लागले, की तिच्यात धून कशी वागवली आहे याकडे लक्ष जात नाही. आमच्या विद्यार्थिनीच्या बाबतीतही सुरुवातीला हेच झाले.

वस्तुतः ‘इस्लामे’तली बहुतेक कसरत एका साध्या अडचणीतून निघालेली आहे. गजाने वाजणाऱ्या वाद्यावर सूर हवा तितका वेळ धरता येतो, त्याला मध्येच फुगवता येते आणि गजाच्या छोट्या झटक्यांनी त्याच सुरावर नाचाची चाल ठेवता येते. पियानोत हातोडी तारेवर एकदाच आपटते आणि त्या क्षणापासून सूर विरत जातो. वादकाने पट्टी कितीही दाबून धरली तरी त्यात भर पडत नाही. म्हणून सूर जिवंत ठेवायचा असेल, तर तो पुन्हा पुन्हा वाजवावा लागतो. ‘इस्लामे’च्या सुरुवातीपासून धावणारे पुनरुक्त सूर हे गजाचे काम हातोड्यांकडून करून घेण्याचे साधन आहे. त्यानंतर येणाऱ्या जोडसुरांच्या माळा आणि डाव्या हाताच्या लांब उड्या ऐकताना नाचणाऱ्यांच्या भोवतालचा ठेका आणि टाळ्या आठवतात, आणि त्या एकट्या वादकाकडून वाजवून घ्यायच्या म्हटल्यावर दोन हातांना सगळा पियानो व्यापावाच लागतो.

धून मात्र फारशी बदलत नाही. तिच्यामागचा पडदा बदलत राहतो. ही रीत बालाकिरेव यांनी आपले ज्येष्ठ ग्लिंका यांच्याकडून घेतली. ग्लिंका यांच्या 1848 मधल्या ‘कामारिन्स्काया’ या वाद्यवृंदाच्या रचनेत नाचाची एक छोटी धून कितीतरी वेळा जशीच्या तशी येते आणि दर वेळी तिच्याभोवतीची वाद्ये, सोबतीचे सूर आणि वजन बदलते. लोकधून ही बहुधा पूर्ण झालेली वस्तू असते. तिला मोडून, ताणून, तिच्यातून दुसरी धून काढून वाढवणे ही जर्मन पद्धत तिला मानवत नाही, हे या रशियन मंडळींनी वेळीच ओळखले. ‘इस्लामे’त मधल्या संथ भागातली धून शेवटच्या भागात वेगाने नाचू लागते तेव्हाही तिची ओळख पुसली जात नाही.

गाणे

विद्यार्थिनीचे आजोळ अमळनेर तालुक्यातल्या एका गावात आहे. तिची मोठमाय, म्हणजे आजी, आखाजीची गाणी म्हणते. अक्षय तृतीया म्हणजे आखाजी हा खान्देशात सासुरवाशिणींचा मोठा सण आहे. लेकी माहेरी येतात, पितरांसाठी घागर भरली जाते, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस होतो, सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचे, साल येथून मोजले जाते, आणि निंबाच्या किंवा आंब्याच्या फांदीला दोर बांधून बायका-मुली झोके घेतात. झोक्यावरची गाणी आणि गौराईची गाणी यांची तेव्हा नुसती रेलचेल असते. काही गावांत नदीच्या किंवा नाल्याच्या दोन काठांवर दोन गावांच्या मुली उभ्या राहून एकमेकींना गाण्यांतून यथेच्छ शिव्या देतात, हाही त्याच सणाचा भाग आहे. पुढे या रचनेत त्याला महत्त्व आले.

सुरुवातीला तिच्या मनात कानबाईची गाणी होती. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रोट होतात, रात्र जागवली जाते आणि दुसऱ्या दिवशी वाजतगाजत विसर्जन होते. त्या गाण्यांमध्ये चाल आणि जोम दोन्ही आहेत. घरच्यांनी मात्र हरकत घेतली, आणि ती मला रास्त वाटली. कानबाईचे गाणे देवीसमोर म्हणायचे असते. सभागृहात टाळ्यांसाठी वाजवायचे नसते. झोक्याच्या गाण्याला असा अडसर नव्हता.

निवडलेले गाणे अवघ्या पाच सुरांत फिरते. एक बाई ओळ उचलते आणि बाकीच्या ती झेलतात. झेलणाऱ्या बायका पहिलीची ओळ संपण्याची वाट पाहत नाहीत, तिच्या शेवटच्या अक्षरावरच आपली ओळ सुरू करतात. त्यामुळे ऐकताना सूर कोठे तुटल्याचे जाणवत नाही, मात्र दोन आवाज काही क्षण एकमेकांवर चढलेले असतात. गंधार, म्हणजे सप्तकातला तिसरा सूर, कोमलही नाही आणि शुद्धही नाही; मोठमाय तो दर वेळी दोहोंच्या मध्ये लावते, आणि खाली उतरताना किंचित अधिक उतरवते. ठेका सहा मात्रांचा, तीन-तीनच्या दोन भागांचा आहे. त्यातली पहिली मात्रा लांबते, आणि किती लांबावी हे मोठमायच्या म्हणण्यात प्रत्येक ओळीला बदलते.

पहिला मसुदा

मोबाईलवर ध्वनिमुद्रण करून विद्यार्थिनीने गाणे स्टाफ नोटेशनमध्ये, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपीत, उतरवले आणि काही आठवड्यांत पहिला मसुदा पूर्ण केला. ‘इस्लामे’प्रमाणे वेगवान, संथ, अतिवेगवान असे तीन भाग केले. झोक्याचे गाणे पुनरुक्त सुरांत बांधून वेगवान भागात टाकले. मधल्या संथ भागासाठी तिने साक्री-नवापूरकडच्या आदिवासी नाचातल्या पावरी या फुंकून वाजवायच्या वाद्याची एक धून घेतली. ही धून तिने प्रत्यक्ष ऐकलेली नव्हती, मोबाईलवरच्या एका चित्रफितीतून घेतलेली होती. शेवटच्या भागात दोन्ही धुना एकमेकींवर रचून, दोन्ही हातांनी सप्तकांच्या जोड्या आपटत शेवट केला.

मसुद्यात काम भरपूर होते. तिच्या बोटांत तयारी आहे आणि पियानोचा आवाज कसा भरायचा हे तिला कळते. तरीही हा मसुदा ऐकून तिच्या घरी कोणालाच गाणे ओळखता आले नाही. मोठमायने ते दोनदा ऐकले आणि म्हणाली, “गाणं झोकासंगे येस-जास, माय, तू तं पयत सुटनी वं.” झोक्यासोबत येणारे-जाणारे गाणे घेऊन नात पळत सुटली, असा हा अभिप्राय कोणत्याही परीक्षकाने दिला असता त्याहून नेमका होता, आणि पुढचे सगळे काम त्याला धरून झाले.

पावरीच्या धुनेचे काय करायचे, यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. प्रत्यक्ष न ऐकलेली, ज्यांची आहे त्यांना न विचारता घेतलेली धून वापरू नये, असे मत प्रथम पुढे आले. ते पाळण्यासारखे आहे. पण केवळ त्या निकषावर ‘इस्लामे’चा मधला भागही टिकला नसता, कारण बालाकिरेव यांनाही ती धून कॉकेशसपासून दूर, मॉस्कोत, एका नटाच्या तोंडून मिळालेली होती आणि तरीही तो भाग रचनेतला सर्वांत हृद्य भाग आहे. धून वगळण्याचे खरे कारण संगीतातले होते. भोपळा आणि बांबू यांच्या पावरीचा आवाज सलग भरून राहणारा आहे. झोक्याच्या गाण्यात मात्र प्रत्येक आवाज श्वासाश्वासाला थांबतो आणि पुन्हा उचलतो. दोन धुना एकाच मुलखातल्या आहेत एवढ्यावरून त्या एका रचनेत नांदतील असे नाही. ‘खान्देशी रंग’ नावाची एक गोळाबेरीज करून तिच्यात सातपुड्यापासून गिरणेपर्यंत सगळे ओतण्याचा मोह आपल्याकडच्या मंचीय कार्यक्रमांत नेहमी दिसतो, आणि या मसुद्यातही तो होता.

पियानोचा अडथळा

मसुदा फसण्याचे दुसरे कारण वाद्यात होते. ‘इस्लामे’ ज्या पियानोला धरून लिहिली गेली, त्याच्या यंत्रणेत पट्टी पूर्ण वर येण्याआधीच हातोडी पुन्हा मारता येण्याची सोय असते. पॅरिसच्या एरार्द घराण्याने 1821 मध्ये तिचे पेटंट घेतले आणि पुढे आडव्या, म्हणजे ग्रँड पियानोंमध्ये ती रूढ झाली. उभ्या पियानोत हातोडी आडव्या दिशेने मारते, तिला परत आणायला गुरुत्वाकर्षणाची तेवढी मदत नसते, आणि सर्वसाधारण यंत्रणेत पट्टी जवळजवळ पूर्ण वर आल्याशिवाय तोच सूर दुसऱ्यांदा वाजत नाही. विद्यार्थिनीकडे उभा पियानो आहे. त्यावर वेगाने पुनरुक्त सूर वाजवले की काही सूर गळतात, आणि कोणते गळतील याचा नेम नसतो.

त्यात जळगावच्या हवेची भर पडते. मे महिन्यात येथे आणि भुसावळकडे पारा 45 अंशांच्या वर जातो. कोरड्या हवेत पियानोचा लाकडी ध्वनिफलक आक्रसतो, तारांचा ताण कमी होतो आणि सगळा पियानो खाली उतरतो. पाऊस सुरू झाला की लाकूड फुगते, पट्ट्या जड होतात, काही अडकतात. जाणकार ट्यूनर बाहेरगावाहून बोलवावा लागतो आणि तो येईपर्यंत ऋतू बदललेला असतो. ही तक्रार म्हणून सांगत नाही; पण जी रचना आखाजीच्या सुमारास, म्हणजे वैशाखात, येथे वाजायची आहे ती या वाद्याला आणि या हवेला धरूनच लिहिली पाहिजे, हे त्यातून ठरले. डिजिटल पियानोचा पर्याय सुचवला गेला होता. त्याने सूर उतरण्याची अडचण सुटते. परंतु एकमेकांत मिसळणाऱ्या तारांचा जो गुंजारव या रचनेला हवा होता तो विद्यार्थिनीला त्यात मिळेना, आणि तिने उभा पियानोच ठेवला.

वाद्याच्या या मर्यादेमुळे एक गोष्ट स्पष्ट झाली. पहिल्या मसुद्यातले पुनरुक्त सूर या गाण्याच्या गरजेतून आलेले नव्हते. झोक्याच्या गाण्यात कोणी सूर लांबवून धरतच नाही. तो श्वासाबरोबर सोडला जातो. म्हणजे ज्या अडचणीवर बालाकिरेव यांनी उपाय काढला ती अडचण येथे मुळात नव्हती, आणि विद्यार्थिनीने उपाय तेवढा उचलला होता. तेव्हा या गाण्यातले पियानोला न येणारे काय, याचा शोध सुरू झाला. तीन गोष्टी पुढे आल्या : लांबत-आखडत जाणारी लय, एकमेकांवर चढणारे आवाज, आणि मधला गंधार.

दोराची लांबी

लयीचा उलगडा अनपेक्षित बाजूने झाला. विद्यार्थिनीने मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक वेगाने ठोके देणारे यंत्र, लावून मोठमायच्या ध्वनिमुद्रणातल्या मात्रा मोजल्या, तेव्हा वेग ओळीगणिक हलत असला तरी सरासरीने एका ठिकाणी स्थिरावत होता. त्या ठिकाणाचा संबंध झोक्याशी लावून पाहावा, असे तिच्याच मनात आले. झोका हा लंबक आहे. त्याला जाऊन परत यायला लागणारा वेळ मुख्यतः दोराच्या लांबीवर ठरतो. बसणारी जड आहे की हलकी याने फरक पडत नाही, आणि झोका फार उंच गेला तरच वेळ थोडा वाढतो. शाळेतल्या सूत्राने हिशेब केला, तर सुमारे चार मीटर दोराच्या झोक्याला एका पूर्ण फेरीसाठी चार सेकंद लागतात, आणि तीन मीटरच्या झोक्याला साडेतीन सेकंदांच्या आसपास. अंगणातल्या निंबाचा झोका साधारण याच मापाचा असतो. चार सेकंदांत सहा मात्रांची दोन आवर्तने बसतात, म्हणजे तीन मात्रांच्या गटाला एक सेकंद. ध्वनिमुद्रणातला सरासरी वेग याच्या अगदी जवळ होता, जरी त्या वेळी मोठमाय झोक्यावर बसलेली नव्हती, घरात जमिनीवर बसली होती.

यावरून झोका गाण्याला घड्याळासारखा हाकतो असा निष्कर्ष काढू नये. गाणाऱ्या बायका पुढेमागे होतात, झोका देणारी हात आखडता घेते, हसण्यात एखादी ओळ निसटते. पण झोका वरच्या टोकाला पोहोचतो तेव्हा क्षणभर थांबल्यासारखा होतो आणि मधून जाताना सर्वांत वेगात असतो, हे त्या लांबणाऱ्या पहिल्या मात्रेत उतरलेले आहे. पहिल्या मसुद्यात हीच मात्रा बाकीच्या पाचांइतकी करून टाकली होती आणि वेग दुपटीहून जास्त ठेवला होता. मोठमायचा अभिप्राय आता आकड्यांतही दिसत होता.

दुसरा मसुदा

दुसऱ्या मसुद्याचा आरंभ संथ आहे, तीन मात्रांच्या गटाला एक सेकंद या मापाने. संथ म्हणजे सोपा नव्हे. डावा हात दोन सप्तकांहून मोठ्या पल्ल्यात जातो-येतो; वर जाताना सूर विरळ आणि हलके होत जातात, खाली येताना दाट. प्रत्येक टोकाला मात्रा किंचित लांबवायची असते, पण किती हे लिहिलेले नाही. विद्यार्थिनीने तेथे स्वल्पविरामासारखी खूण घातली आहे आणि वादकाने आधी गाणे म्हणून पाहावे, अशी सूचना मराठीत लिहिली आहे. सूर गुंजत ठेवणारे पायाचे पेडल प्रत्येक टोकाला अर्धवट उचलायचे असते, पूर्ण नाही. डाव्या हाताची ही एकच चाल बिनचूक साधायला तिला सरावात सर्वांत जास्त काळ लागला, आणि ऐकणाऱ्याला तिथे काही अवघड चालले आहे याचा पत्ताही लागत नाही.

एकमेकांवर चढणाऱ्या ओळींसाठी तिने दोन मार्ग वापरून पाहिले. बायका एकाच उंचीच्या सुरांत गातात, म्हणून दोन्ही ओळी पियानोवर त्याच सुरांवर याव्यात हे खरे. पण एका हाताने दाबलेली पट्टी दुसऱ्या हाताला लगेच मिळत नाही, आणि उभ्या पियानोवर तर ती पुरती वर यायलाच हवी. अखेर उचलणारीची ओळ मधल्या सप्तकात आणि झेलणाऱ्यांची ओळ एक सप्तक खाली, थोडी जाड, असे ठरले. मूळ गाण्यापासून हे दूर जाणे आहे. तरी ओळींचे एकमेकींवर चढणे त्यामुळे शाबूत राहिले, आणि एका हाताने दोन बोटांत सोबतीचे सूर धरून उरलेल्या बोटांनी धून म्हणण्याचे अवघड काम आपोआपच निर्माण झाले. ही कसरत गाण्यातून आलेली आहे, म्हणून ती ऐकताना दिखाऊ वाटत नाही.

सोबतीच्या सुरांबाबत बदल मोठा आहे. पहिल्या मसुद्यात धुनेच्या जवळपास प्रत्येक सुराखाली वेगळा कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारा सुरांचा गट, होता. पाच सुरांची धून अशा ओझ्याखाली चेपते. दुसऱ्या मसुद्यात पहिली दोन कडवी जवळजवळ उघडीच आहेत, खाली फक्त षड्ज-पंचमाचा आधार. पुढच्या कडव्यांत धून तीच राहून मागचा पडदा बदलतो. ‘इस्लामे’कडून घेण्यासारखे जे होते ते येथे आले.

वेगवान भाग पावरीच्या जागी आला तो नदीकाठच्या शिव्यांच्या गाण्यांतून. त्यासाठी निराळी धून घेतलेली नाही. झोक्याचीच धून लहान तुकड्यांत, टाळीच्या ठेक्यावर, दोन हातांत वाटली आहे. उजवा काठ वरच्या दोन सप्तकांत, डावा काठ खाली, आणि मध्ये रिकामी जागा, जी शेवटी शेवटी दोन्ही बाजूंनी भरत जाते. एक बाजू बोलते तेव्हा दुसरी गप्प बसत नाही, मध्येच तोंड घालते. हात आलटून-पालटून वाजत असल्यामुळे एकाच हाताला तोच सूर लागोपाठ मारावा लागत नाही आणि उभ्या पियानोला झेपेल अशा रीतीने वेग मिळतो. या भागात सप्तकांच्या उड्या आहेत, बोटे एकमेकांत अडकतील अशा जागा आहेत, आणि जोरही भरपूर आहे. माझ्या मते रचनेतला हा सर्वांत यशस्वी भाग आहे, आणि सगळ्यात विनोदीही. कसबी पियानो-रचना विनोदी असू शकते याचा आपल्याकडे विसर पडतो, कारण अवघड म्हणजे गंभीर असा समज परीक्षांमुळे घट्ट झालेला असतो.

गंधाराला समाधानकारक उत्तर मिळाले नाही. पियानोवर कोमल आणि शुद्ध गंधार शेजारी आहेत आणि त्यांच्यामध्ये काही नाही. दोन्ही एकदम वाजवले तर कर्कश होते, एकामागून एक वाजवले तर मुरकी, म्हणजे सुरांची झटकन घेतलेली गिरकी, ऐकू येते आणि ती या गाण्यात नाही. हंगेरियन संगीतकार बेला बार्तोक यांनी 1900 च्या दशकात फोनोग्राफ हे ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन हंगेरीच्या खेड्यांत गाणी गोळा केली, तेव्हा पियानोवर न बसणारे असे सूर त्यांनी नोंदवहीत बाणाच्या खुणांनी दाखवले; पियानोच्या रचनांत मात्र त्यांना पट्ट्यांवर असलेलेच सूर वापरावे लागले. विद्यार्थिनीने शुद्ध गंधार धुनेत ठेवला आहे आणि कोमल गंधार खालच्या सप्तकात अगदी हळू, क्षणभर उशिरा येतो. बहुतेक ऐकणाऱ्यांना तो वेगळा सूर म्हणून जाणवत नाही, गंधार थोडा झाकोळल्यासारखा वाटतो. कडव्याच्या शेवटी उतरताना मात्र ही युक्ती उघडी पडते, आणि तेथे तिने ती वगळली आहे.

वादन आणि प्रलंबित बाबी

रचना वैशाखातल्या एका संध्याकाळी जळगावात, ओळखीच्या श्रोत्यांसमोर वाजवली गेली. तिला सहा-सात मिनिटे लागतात. पियानो आदल्याच आठवड्यात लावून घेतला होता, तरी उन्हाने वरच्या सप्तकातले दोन सूर उतरले होते. ते शिव्यांच्या भागात आले आणि कोणाच्या ध्यानात आले नाहीत. श्रोत्यांमधल्या दोन वयस्क बायकांनी दुसऱ्या कडव्यापासून गाणे ओळखून तोंडातल्या तोंडात म्हणायला सुरुवात केली. एका पियानो-शिक्षकाने मात्र आरंभीचा संथ भाग रेंगाळतो आणि कसबी रचनेला न शोभणारा आहे, असे मत दिले. विद्यार्थिनीने त्यावर वेग वाढवून पाहिला. टोकाचा थांबा नाहीसा झाला, आणि वेग पुन्हा पूर्ववत करण्यात आला.

श्रेय कसे लिहावे हा मुद्दा अजून पूर्णपणे मिटलेला नाही. बालाकिरेव यांच्या रचनेवर त्या चेर्केस सरदाराचे नाव नाही; त्या काळी ते कोणाला खटकले नसावे. येथे छापील प्रतीवर ‘मोठमायने म्हटलेल्या आखाजीच्या गाण्यावरून’ असे लिहावे असे विद्यार्थिनीला वाटते, तर मोठमायचे म्हणणे असे की गाणे तिचे नाही, तिच्या आईचेही नव्हते, मग नाव कसले. गावाचे नाव घालावे असा मधला मार्ग सुचवला आहे, पण शेजारच्या गावातही हेच गाणे म्हणतात.

दुसरी बाब प्रतीची. ‘इस्लामे’च्या छापील प्रतीत बालाकिरेव यांनी अनेक अवघड जागांना पर्यायी वाट दिलेली आहे आणि कोणती घ्यायची हे वादकावर सोडले आहे. विद्यार्थिनीनेही शिव्यांच्या भागातल्या एका जागेला दोन वाटा ठेवल्या आहेत : एक उभ्या पियानोसाठी, हात आलटून-पालटून, आणि दुसरी ग्रँड पियानोसाठी, जिच्यात उजवा हात एकटाच त्याच सुरावर वेगाने आपटत राहतो, कारण भांडणात एक बाजू तेच तेच बोलत राहते आणि तेथे पुनरुक्त सूर खरोखर हवा आहे. ही दुसरी वाट अजून ग्रँड पियानोवर वाजवून पाहिलेली नाही. त्यासाठी मुंबई किंवा पुण्यात वाद्य मिळवण्याची खटपट सुरू आहे.